गिटारचं पिक नेमकं कशाचं घ्यावं? घाम, उन्हाळा आणि झिजणारं टोक

आर्वी_रोड
राजेहो, नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. घरची शेती आहे, आणि शाळेत संगीताचे तास घेतो. गिटार साधी अकूस्टिक, स्टीलच्या तारांची, बाराचा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची). वाजवणं तीन ठिकाणी होते: शाळेत मुलांच्या समूहगीताला, गावच्या भजन मंडळात पेटी-खंजेरीच्या मागे, आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात.

प्रश्न पिकचा आहे, म्हणजे तारा छेडायला बोटात धरतो त्या छोट्या तुकड्याचा. ऑनलाइन एक मिक्स पाकीट मागवलं. रंग झकास, पण एकाही पिकवर ना जाडी लिहिलेली ना कशाचं बनलंय ते. त्यातले काही एप्रिलच्या घामात बोटातून निसटून थेट गिटारच्या पोटात जातात. काहींचं टोक दोन भजनांत गोल होते. एक तर मधोमध चिरलं.

तालुक्याच्या दुकानात एकच प्रकार भेटतो, तोही पेन-वह्यांच्या शेजारी ठेवलेला. म्हणून मागवायचंच तर नीट विचारून मागवावं म्हणतो. नायलॉन, सेल्युलॉइड, टॉरटेक्स, अल्टेक्स, धातू, लाकूड, शिंग असं सगळं वाचून डोकं भणभणलं. याच्यातला फरक खरंच ऐकू येते का? आणि आपल्या भागातल्या हवेत टिकणारं कोणतं?

फिटर_मास्तर
भाऊ, मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो, संध्याकाळी गिटार. मटेरियलच्या आधी जाडी पाहा. तुमचं मिक्स पाकीट घेऊन जवळच्या लेथवाल्याकडे जा आणि मायक्रोमीटरने एकेक पिक मोजून त्यावर मार्करने आकडा टाका. निम्मा गोंधळ तिथंच संपेल.

कारण असं की पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 0.60 मिमीचं पिक आणि 0.88 मिमीचं पिक हातात धरलं तर फरक नखाएवढाही वाटत नाही. हिशेब मात्र असा होतो की त्याच मटेरियलचं 0.88 हे 0.60च्या तिपटीहून जास्त कडक. 0.73 वरून 0.88 वर गेलात तरी पावणेदोनपट. म्हणून "नायलॉन मऊ असते, डेलरिन (टॉरटेक्सचं प्लास्टिक) कडक असते" असं कोणी सांगितलं की आधी विचारा, कोणत्या जाडीचं? एक मिमी नायलॉन हे 0.50च्या टॉरटेक्सपेक्षा कितीतरी कडक लागेल.

डनलॉपच्या टॉरटेक्सला रंगावरून जाडी कळते, ते पाठ करून ठेवा: लाल 0.50, नारिंगी 0.60, पिवळं 0.73, हिरवं 0.88, निळं 1.0, जांभळं 1.14. त्याच कंपनीचं साधं नायलॉन पांढऱ्यापासून करड्याकडे आणि मग काळ्याकडे जातं, जितकं गडद तितकं जाड. नकली मालात रंग तेच असतात, जाडी काहीही असते. म्हणून मायक्रोमीटर.

वऱ्हाडी_ठेका
मास्तर, तुमी त पिकचा पेपरच काढला! मी दर्यापूरकडचा. आमच्या इथं एकच मटेरियल चालते, बंद पडलेलं एटीएम कार्ड. कैचीनं कापलं, दगडावर घासलं, झालं पिक. फुकटचं. वर्षभर वाजवून राहिलो, मले त काही फरक पडला नाही बापा.

फिटर_मास्तर
भाऊ, कार्डाची गंमत अशी की त्याची जाडी जगभर एकच ठरलेली आहे, 0.76 मिमी. म्हणजे पिवळ्या टॉरटेक्सच्या अगदी जवळ. नुसतं स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून ठेक्यात हात फिरवणं, करणाऱ्याला ही जाडी बरोबर पडते, म्हणून तुम्हाला फरक वाटला नाही. पण ते असतं पीव्हीसीचं. पीव्हीसी तारेवर लवकर खरवडतं, कड खरबरीत होते आणि जाड तारांच्या वेटोळ्यावरून जाताना चरचर आवाज करते. दुसरं म्हणजे उन्हात मऊ पडतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून पाहा, संध्याकाळी वाकडं निघतं.

शिकणाऱ्या पोरांसाठी मात्र कार्ड एकदम मस्त. हरवलं तरी जीव जळत नाही.

वऱ्हाडी_ठेका
चरचर होते हे खरं हाये. मले वाटे माईकच खराब आहे. माईकवाल्याले उगाच शिव्या देल्या.

जवा_जोड
मी अकोल्याला सरोद शिकते, गिटार घरातल्या भावाची, पण हात दोन्हीवर चालतो. आर्वी_रोड दादा, तुमच्या यादीत एक वस्तू राहिली: नारळाची करवंटी. सरोद ज्या तुकड्याने वाजवतात त्याला जवा म्हणतात, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या करवंटीचाच करत आले आहेत. हल्ली डेलरिनचा जवाही मिळतो, पण माझ्या गुरुजींकडे आजही करवंटीच. सतारीची नखी स्टीलच्या तारेची असते, तिचा इथे उपयोग नाही.

करवंटीचा गिटारवरचा आवाज गोल आणि भरीव येतो. तारेला लागतानाची ती 'टिक' कमी, नंतरचा स्वर जास्त. भजनात मागे वाजवणार असाल तर हे फार कामाचं आहे, कारण प्लास्टिकचं पिक माईकसमोर स्वरापेक्षा टिकटिकच जास्त ऐकवतं. करवंटी जाड असते. दीड-दोन मिमीच्या खाली घासली तर कडेला तडे जातात. त्यामुळे झरझर स्ट्रमिंगला ती जड पडेल. एकेक तार वाजवायची असेल, गाण्याच्या मधले तुकडे वाजवायचे असतील, तर करून पाहा.

करायचं कसं: जुन्या, नीट वाळलेल्या नारळाची करवंटी घ्यायची. कोवळ्या नारळाची नको, ती वाळताना चिरते. देवळात फोडलेल्या नारळांत चांगली भेटते, शेगावच्या वाटेवर राहणाऱ्यांना तर काही कमी नाही. शक्य तितका सपाट भाग हॅक्सॉ ब्लेडने कापायचा. आतला बाक थोडा राहतोच आणि राहू द्यायचा, अंगठा त्यात नीट बसतो. मग कानस, मग पेंटरकडचा वॉटर पेपर, 220, 400, 800, 1200 असा चढत जाऊन पाणी लावून घासायचा. शेवटी जीन्सच्या कापडावर. तेलाचा एक हात द्यायचा आणि पुसून कोरडा करायचा. कड कुठेही नखाला अडता कामा नये. अडली तर तारेलाही अडणार.

आर्वी_रोड
ताई, हे कोणत्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं. करवंट्यांना तोटा नाही. पण स्ट्रमिंगला जड म्हणता, तिथंच माझं काम जास्त आहे.

पोटात_पिक_पडलं
मधेच एक शंका. गिटारच्या पोटात पडलेलं पिक कसं काढता? माझ्या गिटारमध्ये वाजवताना खुळखुळा वाजतो.

वऱ्हाडी_ठेका
गिटार उलटी कर, भोक खाली, पिक भोकाच्या जवळ येईस्तोवर हळूहळू हलव अन् मग एकदम पलटव. जोऱ्यानं आपटू नको. पुढचा प्रश्न?

वडसा_मुक्काम
मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत संगीत साथीला असतो. हंगाम दिवाळी ते होळी, धानाची कापणी झाली की सुरू. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आमच्याकडे घामाचा प्रश्न नाही, थंडीचा आहे. डिसेंबरात रात्री दोन वाजता उघड्या मांडवाखाली बोटं अशी बधिर होतात की हातात पिक आहे की नाही तेच समजत नाही. तिथं गुळगुळीत पिक बिनकामाचं. उमटलेली जाळी किंवा उठावदार अक्षरं असलेलं नायलॉन बधिर बोटालाही सापडतं.

दुसरी गोष्ट, आमच्याकडे ऑर्गन आणि ऑक्टोपॅड यांच्या आवाजातून गिटार बाहेर काढायची असते. अकूस्टिकला ब्रिजखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिझो पिकअप, म्हणजे कंपनं स्पीकरकडे नेणारा सेन्सर, असला की कडक, टोकदार पिकची प्रत्येक ठोकर स्पीकरमधून टकटक करत येते. लावणीच्या ठेक्याला ते चालते, उलट बरं वाटते. गंभीर प्रवेशात मागे हळू वाजवायचं असेल तेव्हा कानाला बोचते. म्हणून मी दोन ठेवतो. ठेक्याला 0.73 नायलॉन, आणि सुटे स्वर वाजवायला लहान आकाराचं जाड जॅझ थ्री. ते लाल नायलॉनचं, 1.38 मिमी, टोक बारीक. एकाच पिकमध्ये सगळं बसवायचा हट्ट सोडा हो.

फिटर_मास्तर
वडसा भाऊंनी नायलॉनचा विषय काढला, त्यावर आपल्या हवेपुरतं सांगतो. नायलॉन हवेतलं पाणी पितं. मध्यम दमट हवेत वजनाच्या दोन-अडीच टक्क्यांपर्यंत, पूर्ण भिजलं तर त्याहून बरंच जास्त. पाणी प्यालेलं नायलॉन लवचिक होतं, कोरडं पडलेलं नायलॉन कडक आणि जरा ठिसूळ. म्हणजे विदर्भात तेच पिक मे महिन्यात वेगळं आणि पोळ्याच्या आसपास वेगळं लागणार. उन्हाळ्यात नायलॉनचं टोक चिरत असेल तर एक रात्र पाण्यात टाकून ठेवा, फरक हातालाच कळेल.

डेलरिन पाणी जवळजवळ पीत नाही. टॉरटेक्स याच मटेरियलचं, 1981 पासून बाजारात आहे. रसायनाच्या भाषेत पॉलिऑक्सिमिथिलीन, आमच्या वर्कशॉपमध्ये याचेच गिअर आणि बुश बनतात, कारण घासलं जाऊनही कमी झिजतं. नव्या टॉरटेक्सच्या अंगावर खडूसारखा खरखरीतपणा असतो, तो घामात पकड देतो. वापरून वापरून अंगठ्याची जागा गुळगुळीत होते, तेव्हा 80 नंबरच्या पॉलिश पेपरवर तेवढीच जागा आडवी-उभी घासा. टोकाला हात लावू नका.

अल्टेक्स म्हणजे पॉलिइथरइमाइड. उकळत्या पाण्याच्या दुप्पट तापमानालाही नरम पडत नाही, त्यामुळे डिकीचं ऊन त्याला काही करत नाही. आवाज तिघांत सर्वांत चकचकीत, टोक सर्वांत जास्त टिकतं. माझी तक्रार एकच, अंग गुळगुळीत आहे आणि घामात साबणाच्या वडीसारखं निसटतं. त्याला मधोमध कागदाच्या पंचने भोक पाडलं की अंगठ्याची कातडी त्यात किंचित शिरते आणि पिक फिरत नाही. पंच जाडीला पुरला नाही तर हँड ड्रिल.

ताडोबा_बफर
आमच्याकडे जंगलात चितळाची गळलेली शिंगं सापडतात. त्याचं पिक कसं होईल? हस्तिदंतासारखं दिसेल.

गोंदिया_पॅसेंजर
भाऊ, ते डोक्यातून काढून टाका. चितळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. गळालेलं असलं तरी शिंग उचलणं, घरी ठेवणं, विकणं, काहीच चालत नाही. एका पिकपायी वनखात्याची केस लागेल. आणि फोटो तर इथं टाकूच नका.

वस्तू म्हणूनही ते वेगळं आहे. चितळाचं शिंग म्हणजे हाड. म्हशीचं शिंग हाडावरचं खोळ, केराटिनचं, आपल्या नखाच्या जातीचं. पिकला कामाचं केराटिन, कारण ते तारेवर सहज सरकतं आणि घासलं की पुन्हा चकाकतं. पूर्वी सगळ्यात नावाजलेलं पिक कासवाच्या पाठीचं असायचं, तेही केराटिनच. हॉक्सबिल जातीचं समुद्री कासव त्यापायी इतकं मारलं गेलं की 1970च्या दशकात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आपल्याकडेही ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुठल्या साइटवर "ओरिजिनल टॉरटॉइज" दिसलं तर एक तर ते छापील प्लास्टिक असेल, नाही तर बेकायदेशीर. दोन्ही नको.

म्हशीच्या शिंगाच्या वस्तू करणारे कारागीर उत्तर प्रदेशात संभलला आणि ओडिशात आहेत, कंगव्यांबरोबर पिकही मागवता येतात. आवाज मऊ, थोडा जुनाट. पण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. अधूनमधून खोबरेल लावत राहावं लागतं.

ताडोबा_बफर
बरं झालं विचारलं. एक तुकडा घरात होता, आजच बीट गार्डकडे देतो.

वऱ्हाडी_ठेका
कंगवा अन् पिक एकाच मटेरियलचे, म्हणजे डोक्यावरचे केस विंचरता विंचरता सोलो.

गोंदिया_पॅसेंजर
लाकडाचं कोणी विचारलं नाही म्हणून स्वतःच सांगतो. महागड्या लाकडी पिकांवर "एबनी" लिहिलेलं असते. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या बिड्या वळतात तो तेंदू त्याच कुळातला आहे. डायोस्पायरोस मेलानोझायलॉन, इंग्रजीत त्याला कोरोमंडल एबनी म्हणतात. जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड काळं आणि जड निघते. म्हणून झाड तोडायला सुटू नका, तो वेगळा गुन्हा होईल. सुताराकडे जुन्या अवजाराच्या दांड्याचा किंवा फर्निचरचा उरलेला तुकडा असला तर तेवढा मागा. शिसमही चालते. सागवान मला जमलं नाही, त्याचे रेषे तारेला अडकतात.

लाकडाला दोन मिमीच्या खाली जाऊ नका, आणि रेषा टोकाच्या दिशेने उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की टोक तुटून हातात येते.

बांबूचं मी करून पाहिलं. गडचिरोली-चंद्रपूरकडे मिळतो तो भरीव मानवेल घेतला, पोकळ कटांगापेक्षा त्याची भिंत जाड. बाहेरची हिरवी साल कडक असते, सगळी ताकद तिच्यात. ती घासून काढली तर आतलं नुसतं भुसकट राहते. साल ठेवली तर आवाज छान कोरडा येतो, खंजेरीसोबत जुळतो. पण स्टीलच्या तारेवर एक कार्यक्रम झाला की टोकाला कुंचल्यासारखे धागे निघतात. नायलॉन तारांच्या गिटारवर किंवा युकुलेलेवर (चार तारांची छोटी गिटारच म्हणा) बरेच दिवस जाईल.

रियाज_करा
इतकी चर्चा वाचून हसू आलं. कोणतंही पिक घ्या आणि रोज दोन तास बसा. मोठे लोक नाण्यानेही वाजवतात. मटेरियल-बिटेरियल सगळा विकणाऱ्यांचा खेळ आहे.

जवा_जोड
नाण्याने वाजवणारे म्हणजे ब्रायन मे ना? क्वीनचे. पण ते कोणतंही नाणं उचलत नाहीत. जुनं ब्रिटिश सिक्सपेन्स ठरवून वापरतात, आणि ते मटेरियलसाठीच. 1947 पासूनचं सिक्सपेन्स तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं आहे, स्टीलच्या तारेपेक्षा नरम, म्हणजे तारेऐवजी नाणं झिजतं. शिवाय कडेला दाते आहेत, तार छेडताना त्यांची खरखर येते आणि ती त्यांना हवी असते. हे उदाहरण मटेरियलच्या विरोधात नाही, बाजूने आहे.

रियाजाबद्दल मात्र तुमच्याशी भांडण नाही.

फिटर_मास्तर
नाण्यावरून: 25 पैशांची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, घरोघरी डब्यात पडून असतील. त्यातली जुनी तांबं-निकेलची आहेत, नंतरची स्टीलची. चुंबक लावा. चिकटलं तर बहुधा स्टील, बाजूला ठेवा, ते तारांना खाईल. न चिकटणारं घ्या. तरीही अकूस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं आणि ते नाण्यापेक्षा फारसं कठीण नाही, थोड्या दिवसांत तारा पिवळी भुकटी सोडायला लागतात. इलेक्ट्रिक गिटारवर गंमत म्हणून ठीक. भजनाला नको.

रियाज_करा यांना एकच सांगतो. मटेरियल तीन गोष्टी ठरवतं: तार सुटताना पिक किती वाकतं, तारेवर किती घसरतं, आणि कड किती दिवस तशीच राहते. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. झिजलेल्या टॉरटेक्सचा आवाज आणि नव्या टॉरटेक्सचा आवाज यात जेवढा फरक आहे, तेवढा नव्या टॉरटेक्स आणि नव्या नायलॉनमध्ये नाही. तुमच्या कानाला "मटेरियल" वाटतं ते बऱ्याचदा कडेचा आकार असतो. गोल, पॉलिश केलेली कड म्हणजे गोल स्वर. धारदार कड म्हणजे तिखट स्वर. वॉटर पेपर जवळ असेल तर एकाच पिकच्या तीन कोपऱ्यांना तीन आवाज देता येतात. रुंद, त्रिकोणी आकाराची पिकं यासाठीच घ्यावी.

रियाज_करा
हे पटलं. तीन कोपऱ्यांचं करून पाहतो. बाकी रोज दोन तास कायम.

जुनी_छबी
मी निवृत्त, पुलगावला असतो. सेल्युलॉइडबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. वर्षानुवर्षं खूप वाजवलं गेलेलं पिक हेच. गोलसर तीन कोपऱ्यांचा जो आकार आपण 'साधं पिक' म्हणून ओळखतो तो 351, आणि फेंडरची जी संगमरवरी नक्षीची पिकं दिसतात ती सेल्युलॉइडचीच. हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण, अमेरिकेत हयात बंधूंनी 1870च्या सुमारास बाजारात आणलं. जुन्या सिनेमाच्या फिती याच्याच, टेबल टेनिसचे चेंडू तर 2014 पर्यंत याचेच होते. कासवाच्या पाठीची नक्कलही याची करत.

अस्सल ओळखायचं असेल तर पिकची कड बोटाने किंवा कापडावर जोरात घासा आणि लगेच वास घ्या. देवघरातल्या कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. पेटवून पाहू नका, भपकन जळतं. खिशात काडेपेटी आणि पिक एकत्र ठेवणाऱ्यांनीही जरा जपावं.

आवाज उबदार, तारेवरून सुटतं छान. दोष एकच, कड लवकर झिजते. आर्वी_रोड यांचं "दोन भजनांत गोल" होणारं बहुधा हेच, नाही तर त्याची स्वस्त नक्कल.

वऱ्हाडी_ठेका
काकाजी, मी घासून पाह्यलं. माह्या पाकिटातल्या एकाले कापराचा वास आला, बाकीच्याईले नुसता प्लास्टिकचा.

शाळेची_घंटा
मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आर्वी_रोड सर, मुलांसोबत वाजवता म्हणून लिहिते. लहान हातांना पातळ पिक द्यायची आपली सवय असते, पण पातळ पिक त्यांच्या बोटातून फिरतं आणि मुलं ते आणखी गच्च धरतात, मनगट ताठ होतं. माझ्याकडे 0.73 नायलॉनने मुलं लवकर सैल झाली. आणि मुलींच्या गटाने युकुलेले घेतलं आहे, त्याला नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड पिक मिळतं. नायलॉन तारांवर आवाज अगदी मऊ. एकच, त्याचा भुसा ओढणीवर पडतो.

आर्वी_रोड
सगळ्यांचे आभार. काय काय केलं ते सांगतो.

मिक्स पाकीट लेथवर नेऊन मोजलं. जे "मीडियम" म्हणून घेतलं त्यात 0.46 पासून 0.96 पर्यंत सगळं निघालं, मग हाताला सवय लागणार कशी. मधोमध चिरलेलं होतं त्याला ना कापराचा वास ना काही.

भजनाला 0.73 नायलॉन लावलं, आदल्या रात्री पाण्यात ठेवून. टिकटिक कमी झाली हे पेटीवाल्या काकांनी न विचारता सांगितलं. करवंटीचं एक केलं, ताईंनी सांगितलं तसं, 1200 पर्यंत घासून. अभंगाच्या आधी जे दोन-चार स्वर एकटे वाजवतो त्याला ते लाजवाब आहे. पण ठेका धरला की हात अडकतो, ताई म्हणाल्या तसंच. ऑर्केस्ट्रासाठी हिरवं टॉरटेक्स एका मित्राकडून उसनं घेतलं, लग्नाच्या मांडवात शर्ट पिळून निघाला तरी हललं नाही. परत द्यायचं जिवावर आलं आहे.

अल्टेक्स भोक पाडून वापरायचं बाकी आहे. मास्तर, भोक कितीचं पाडावं?

फिटर_मास्तर
कागदाच्या साध्या पंचचं साडेपाच-सहा मिमी पडतं, तेवढं पुरे. टोकाकडे सरकवू नका, मधोमध किंवा किंचित वर. भोकाची कडही वॉटर पेपरने मारा, नाही तर अंगठ्याला फोड येईल.

वडसा_मुक्काम
नकली मालाच्या भीतीने कोणी एकटा मागवत नाही, आणि कुरिअर आमच्या गावापर्यंत येतही नाही. नागपूरच्या दुकानातून कोणी एकदाच घेऊन ठेवले तर?

आर्वी_रोड
मी पुढच्या आठवड्यात बियाण्याच्या कामाने नागपूरला जातो आहे. ज्यांना हवेत त्यांनी मटेरियल, जाडी आणि नग असं लिहा. दुकानात मोजूनच घेईन, लेथवाल्याने मायक्रोमीटर द्यायचं कबूल केलं आहे.

वडसा_मुक्काम
नायलॉन 0.73, सहा नग. जॅझ थ्री लाल, दोन.

शाळेची_घंटा
नायलॉन 0.73, बारा. नमद्याची मिळाली तर दोन. पैसे आधी पाठवते सर.

जवा_जोड
माझ्या भावाला हिरवं टॉरटेक्स तीन. मला काही नको.

वऱ्हाडी_ठेका
मले पिवळं टॉरटेक्स एक. एकच. आवडलं त मंग सांगतो, एटीएम कार्ड अजून दोन शिल्लक हायेत.